परीक्षेआधी प्रोफेसर म्हणाले, ‘लांडग्याच्या तोंडात!’, इटालियन म्हणी मराठीतून शिकल्या तर सोप्या का जातात?

कडा (ता. आष्टी, जि. बीड) : जानेवारीतली दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मोबाईलवर मेसेज आला : ‘‘परीक्षेला आत जाताना प्रोफेसर मला ‘लांडग्याच्या तोंडात’ म्हणाले. मी थँक्यू म्हणालो. काही चुकलं का रं?’’

मेसेज करणारा माझा इंजिनिअरिंगचा मित्र. दोघंही कड्याचे. मी कोडिंग सोडून बातमीदारीत आलो. तो मास्टर्स करायला इटलीतल्या तोरीनोला, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो तिथं गेला. शिक्षण इंग्रजीतून होतं, त्यामुळे इटालियनचं फारसं टेन्शन त्याने घेतलं नव्हतं. मोबाईलवरच्या ॲपवरून रोज दहा-पंधरा मिनिटं शिकत होता. ‘बोक्का’ म्हणजे तोंड आणि ‘लूपो’ म्हणजे लांडगा, हे दोन्ही शब्द त्याला येत होते. तरी वाक्य कळलं नाही.

परीक्षा साधी नव्हती. इटलीतल्या विद्यापीठांत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. गुण ३० पैकी आणि पास व्हायला किमान १८. त्याला मिळालेली तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती टिकवायची तर ठरलेल्या मुदतीत ठरावीक क्रेडिट मिळवणं भाग होतं. इकडे कड्यात वडिलांच्या नावावर शैक्षणिक कर्ज. अशा वेळी समोरचा माणूस लांडग्याचं नाव काढतो म्हटल्यावर कोणाचंही डोकं चालायचं थांबेल.

नंतर कळलं, की प्रोफेसरांनी त्याला शुभेच्छा दिल्या होत्या.

तेव्हापासून गेले कित्येक महिने आम्हा दोघांचा एक उद्योग चालू आहे. तो तिकडं ऐकलेली म्हण पाठवतो, मी इकडून तिची मराठी जोडी शोधतो. त्यातून जे हाती लागलं, ते इटलीला निघालेल्या किंवा नुसतीच भाषा शिकणाऱ्या वाचकांसाठी इथं देत आहोत. इटालियन शब्द मुद्दाम देवनागरीतच दिले आहेत. का, ते पुढे येईलच.

लांडग्याच्या तोंडात जायचं, आणि वर शुभेच्छा?

मूळ शब्द असे : ‘इन बोक्का आल लूपो’. परीक्षा, मुलाखत, ऑपरेशन, नाटकाचा पहिला प्रयोग, अशा कशाच्याही आधी इटालियन माणूस हे म्हणतो. हा प्रयोग शिकाऱ्यांच्या बोलीतून आला असं सांगितलं जातं. याचं ठरलेलं उत्तर ‘क्रेपी!’, म्हणजे ‘मरो मेला तो लांडगा!’. ‘ग्रात्स्ये’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं नाही. अनेकांच्या मते त्याने शुभेच्छाच बाधते. अलीकडे लांडग्याची दया येणारे काही जण ‘वीवा इल लूपो’, म्हणजे ‘लांडगा जगो’, असंही उत्तर देतात.

वाईट बोलून चांगलं चिंतण्याची ही रीत विचित्र वाटते का? मग आपल्याकडे बघा. देवापुढे आपण नारळ ‘फोडला’ म्हणत नाही, ‘वाढवला’ म्हणतो. रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर आजी ओरडते, ‘येतो म्हण’. अशुभ टाळायला आपण शब्द उलटा करतो. इटालियन माणूस अशुभच आधी बोलून टाकतो आणि उत्तरात त्याला मारतो. भीती तीच, तोडगा वेगळा.

माझ्या मित्राला हे इंग्रजीतून तीनदा वाचून पटलं नव्हतं. नारळाचं उदाहरण दिल्यावर एका मिनिटात पटलं.

इंग्रजीचा वळसा कशाला?

आपल्याकडे इटालियन शिकायचं म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजीतून. ॲप इंग्रजीत, व्हिडिओ इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत. मराठी माणसाला त्यात दोन तोटे होतात.

पहिला तोटा उच्चाराचा. इटालियन ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या त-द सारखेच, जीभ दातांना लावून म्हणायचे. ‘तुत्तो’ म्हणजे सगळं. इंग्रजीच्या सवयीने आपण ते ‘टुटो’ वाचतो आणि हातात असलेला बरोबर उच्चार घालवतो.

तसंच जोडाक्षराचं. इटालियनमध्ये ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. इंग्रजीतून आलेल्याला हा फरक ऐकायलाही वेळ लागतो. मका आणि मक्का यांतला फरक लहानपणापासून करणाऱ्या आपल्याला तो शिकवावा लागत नाही.

तिसरी गंमत ‘च’ची. मराठीत ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. इटालियनमध्येही हे दोन्ही आवाज आहेत. ‘पीत्सा’ किंवा ‘ग्रात्स्ये’ यांतला ‘त्स’ म्हणजे जवळपास आपल्या चाकातला च. म्हणून म्हणी वहीत लिहिताना देवनागरीत लिहा. रोमन अक्षरं नंतर जोडा.

दुसरा तोटा अर्थाचा. म्हण आधी इंग्रजीत समजून घ्यायची, मग मराठीत आणायची, यात तिचा निम्मा रस गळतो. इटलीतल्या बऱ्याच म्हणी शेतातल्या, गोठ्यातल्या आणि चुलीपुढच्या आहेत. आपल्याही तशाच आहेत. त्यांची थेट गाठ घालून दिली, की पाठांतराची गरज उरत नाही.

थेट जुळणाऱ्या जोड्या

या म्हणी आधी शिका. मराठी जोडी माहीत असल्याने एकदा वाचल्या तरी लक्षात राहतात.

• आ कावाल दोनातो नोन सी ग्वार्दा इन बोक्का : भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये. जनावराचं वय दातांवरून कळतं, हे बाजारात बैल घेणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे ‘धर्माची गाय आणि दात का नाय’. तिकडे घोडा, इकडे गाय. दात दोन्हीकडे.

• इल लूपो पेर्दे इल पेलो मा नोन इल वीत्स्यो : लांडग्याचे केस झडतात, खोड जात नाही. म्हणजेच ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ किंवा ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’.

• दार्सी ला त्साप्पा सुइ प्येदी : स्वतःच्या पायावर कुदळ मारून घेणे. आपण कुऱ्हाड मारून घेतो, नाहीतर धोंडा पाडून घेतो.

• लेर्बा देल विचीनो ए सेंप्रे प्यू वेर्दे : शेजाऱ्याचं गवत नेहमी जास्त हिरवं. आपलं ‘दुरून डोंगर साजरे’.

• तुत्तो फूमो ए न्येंते आर्रोस्तो : नुसता धूर, भाजलेलं मटण नाहीच. ‘बडा घर पोकळ वासा’.

• कान के आब्बाया नोन मोर्दे : भुंकणारं कुत्रं चावत नाही. ‘गर्जेल तो पडेल काय’.

• प्रेंदेरे दुए पिच्चोनी कोन उना फावा : एका वालाच्या दाण्यात दोन पारवे धरणे. ‘एका दगडात दोन पक्षी’. इटालियन माणूस दगड मारत नाही, दाणा टाकतो, एवढाच फरक.

• पाएझे के वाइ, उझांत्सा के त्रोवी : ज्या मुलखात जाल तिथली रीत तिथं सापडेल. ‘देश तसा वेश’.

• नोन कापीरे उन आक्का : ‘आक्का’ हे त्यांच्या वर्णमालेतल्या ‘ह’ या अक्षराचं नाव. लिहिताना ते असतं, बोलताना त्याचा उच्चारच होत नाही. तेवढंही कळत नाही, म्हणजे ‘ओ की ठो’ कळत नाही.

एक म्हण अशी आहे, की जिला नेमकी मराठी जोडी नाही, पण आपलं स्वयंपाकघर मदतीला येतं. ‘नोन तुत्ते ले चाम्बेल्ले र्येस्कोनो कोल बूको’. चाम्बेल्ला म्हणजे मधे भोक असलेला गोड पदार्थ. प्रत्येक चाम्बेल्ला भोकासकट निघत नाही. म्हणजे दर वेळी मनासारखं होईल असं नाही. दिवाळीत अनारसे करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पीठ तेच, तूप तेच, हात तोच. तरी एखाद्या अनारशाला जाळी पडत नाही. हे आठवलं की म्हण विसरणार नाही.

सावधान! इथं घोळ होतो

सगळ्याच म्हणी सरळ चालत नाहीत. काही ओळखीच्या वाटतात आणि नेमक्या तिथेच फसवतात.

एस्सेरे आल वेर्दे. शब्दशः ‘हिरव्यावर असणे’. मित्राने खोलीतल्या सोबत्याला विजेच्या बिलाचे उसने दिलेले पैसे मागितले. तो म्हणाला, ‘‘सोनो आल वेर्दे.’’ मित्राला वाटलं, बरं चाललंय याचं. कारण आपल्याकडे हिरवं म्हणजे भरलेलं रान, चांगलं साल. प्रत्यक्षात अर्थ अगदी उलटा : खिशात दमडी नाही, ठणठणगोपाळ. जुन्या मेणबत्त्यांच्या तळाला हिरवा रंग असायचा, मेण जळत तिथवर आलं की संपत आलं समजायचं. त्यावरून हा प्रयोग आला असं सांगतात.

आक्क्वा इन बोक्का आणि आक्क्वोलीना इन बोक्का. दोन्हींत तोंड आणि पाणी. पहिल्याचा अर्थ ‘तोंडात पाणी धर’, म्हणजे कोणाला बोलू नको. आपण मूग गिळून बसतो, ते पाणी धरून बसतात. दुसऱ्याचा अर्थ आपल्यासारखाच, तोंडाला पाणी सुटणे. जेवणाच्या टेबलावर यांची अदलाबदल केलीत, तर यजमान तुमच्याकडे बघतच राहील.

नोन आवेरे पेली सुल्ला लिंग्वा. जिभेवर केस नसणे. हे ऐकून ‘जिभेला हाड नसणे’ आठवतं, पण तो अर्थ लावू नका. आपल्या वाक्यात निंदा आहे, माणूस वाटेल ते बोलतो. इटालियन वाक्यात बहुतेकदा कौतुक असतं, माणूस आडपडदा न ठेवता खरं बोलतो. मुलाखतीत कुणी तुमच्याबद्दल असं म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नका.

‘ओल्यावर पाऊस’ आणि ‘तेरावा महिना’

आता ज्या म्हणीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आष्टी तालुक्यातही ओढ्या-नद्यांना पूर आले, उभी पिकं पाण्यात गेली. माझ्या मित्राच्या वडिलांचं शेतही त्यात गेलं. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ ला, पावसाने ताण दिला होता आणि खरीप हातचा गेला होता. त्यात मुलाच्या शिक्षणाचं कर्ज. मित्र तोरीनोत फोनवर व्हिडिओ बघत बसलेला. सोबत्याची आई त्या दिवशी घरी आली होती. तिने काय झालं विचारलं. त्याने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. ती हळूच म्हणाली, ‘‘प्योवे सुल बान्यातो.’’

शब्दशः ‘ओल्यावर पाऊस पडतो’. अर्थ : संकटात आणखी संकट. कधी उलट्या अर्थानेही वापरतात; ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळतं तेव्हा.

ही म्हण त्याने आधी ॲपवर वाचली होती आणि सोडून दिली होती. कड्याच्या माणसाला ओल्यावर पाऊस ही तक्रार कशी वाटणार? आपल्याकडे मृग कोरडा जातो, टँकरची वाट बघावी लागते. एका पावसावर दुसरा पाऊस म्हणजे नशीब उघडलं. त्या सप्टेंबरमध्ये मात्र शेतात गुडघाभर पाणी असताना आणखी कोसळणारा पाऊस त्याने व्हिडिओत पाहिला होता. त्या बाईंचे तीन शब्द त्याला एका क्षणात कळले. शब्दकोश लागला नाही.

मग त्याने आपली म्हण सांगितली, ‘दुष्काळात तेरावा महिना’. ती सांगितल्यावर मायलेक गोंधळले. सोबती म्हणाला, ‘‘तेरावा महिना तर चांगला असतो की!’’

इटलीत नोकरदारांना डिसेंबरमध्ये एका महिन्याचा जादा पगार मिळतो. त्याला ‘त्रेदिचेझिमा’ म्हणतात, म्हणजेच तेरावा. नाताळची खरेदी त्यावरच होते. त्यांच्यासाठी तेरावा महिना म्हणजे बोनस.

आपला तेरावा महिना म्हणजे अधिक मास. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं. ही तूट भरून काढायला साधारण पावणेतीन वर्षांनी पंचांगात एक महिना जादा धरतात. सुकाळात त्याला धोंड्याचा महिना म्हणून जावयाचा मान होतो. पण ज्या साली धान्याची कणगी रिकामी, त्या साली काढायला आणखी एक महिना. म्हणून ही म्हण. योगायोग बघा, २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने दडी मारली. म्हण शब्दशः खरी झाली होती.

मित्राने हे जमेल तसं समजावलं. त्याच्या म्हणण्यानुसार इटलीत आल्यापासून पहिल्यांदाच तो इटालियनमध्ये वीस मिनिटं सलग बोलला. व्याकरण चुकत होतं, पण ऐकणाऱ्यांना पुढचं ऐकायचं होतं.

भाषा शिकवणारे ॲप म्हणीपुढे अर्थ देतात. ज्या मुलखात पाऊस जास्त आणि ज्या मुलखात कमी, तिथे संकटाची म्हण वेगळी का, हे ॲप सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि एकदा सापडलं की म्हण कायमची आपली होते.

इटली आणि आपण : ओळख जुनी आहे

फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ मध्ये भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. मायदेशी लिहिलेल्या पत्रांत त्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतलं साम्य नोंदवलं होतं : देव आणि दियो, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात या भाषांचं मूळ एक असावं असं मांडलं, त्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. सात, आठ, नऊ आणि सेत्ते, ओत्तो, नोवे एकापाठोपाठ म्हणून बघा.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. कड्याच्या शेजारच्याच, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना वाचवलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. इटलीतल्या मोंतोने या गावात २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’.

किती इटालियन लागतं?

• मास्टर्सचे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. वर्गात इटालियनवाचून चालतं. घरमालक, दवाखाना, सरकारी कार्यालय आणि छोट्या कंपन्यांतल्या मुलाखती इथं चालत नाही.

• नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतराबाबत करार झाला. शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव घेण्यासाठी १२ महिन्यांपर्यंत राहता यावं, अशी तरतूद त्यात आहे. नोकरी शोधताना भाषा कामाला येते ती इथंच.

• दीर्घकालीन वास्तव्य परवान्यासाठी ‘ए-टू’ पातळीचं आणि नागरिकत्वासाठी २०१८ पासून ‘बी-वन’ पातळीचं इटालियन लागतं. सिएना आणि पेरूजा इथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या भाषा परीक्षा त्यासाठी ग्राह्य धरल्या जातात.

म्हणी शिकायच्या कशा?

१. आधी ओळखायला शिका, वापरायला नंतर. सुरुवातीला समोरच्याची म्हण कळली तरी पुष्कळ.

२. गट पाडा. तोंड, हात, डोळा असा अवयवांचा एक गट, लांडगा, घोडा, कुत्रं असा जनावरांचा, भाकरी-पावाचा तिसरा. ‘कोस्तारे उन ओक्क्यो देल्ला तेस्ता’, म्हणजे डोक्यातला एक डोळा किंमत म्हणून द्यावा लागणे, हे फार महाग असण्याला म्हणतात. ‘मानी बुकाते’, म्हणजे भोकं पडलेले हात, असलेला माणूस उधळ्या. ‘ब्वोनो कोमे इल पाने’, म्हणजे पावासारखा चांगला माणूस, हा आपला देवमाणूस.

३. प्रत्येक म्हणीपुढे मराठी जोडी लिहा. जोडी सापडली नाही, तर गावातला एखादा प्रसंग लिहा.

४. उत्तर असलेली म्हण उत्तरासकट शिका. ‘इन बोक्का आल लूपो’ एकटं शिकू नका, ‘क्रेपी’ सोबत हवंच.

५. लेखी परीक्षेत आणि सरकारी अर्जात म्हणी घालू नका. त्या बोलण्यात शोभतात.

६. घाई नको. ‘की वा प्यानो वा सानो ए वा लोंतानो’ : जो सावकाश जातो तो सुखरूप जातो आणि लांब जातो. आपल्या घाटातल्या पाट्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ लिहिलेलं असतं, तेच.

शेवटची एक म्हण. ‘तुत्तो इल मोंदो ए पाएझे’. पाएझे म्हणजे देश आणि पाएझे म्हणजे गावही. सगळं जग एक गाव आहे, कुठेही जा, माणसं तशीच. आपण म्हणतो, ‘कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच’.

त्या पहिल्या परीक्षेत मित्राला ३० पैकी २४ मिळाले. शिष्यवृत्ती टिकली आहे, कर्ज अजून फिटायचं आहे. गेल्या परीक्षेच्या सकाळी त्याला कड्याहून वडिलांचा व्हॉइस मेसेज गेला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी कागदावर लिहून दिलेलं त्यांनी सावकाश वाचलं होतं : ‘‘इन बोक्का आल लूपो.’’ उच्चार, मित्र सांगतो, त्याच्यापेक्षा चांगला होता. त्याने लगेच उत्तर टाकलं, ‘‘क्रेपी, दादा.’’